चाळीचे पितर

मेडिकल कॉलेजच्या पुस्तकात प्लेगला जेमतेम पानभर जागा होती. सर म्हणाले होते, वाचून ठेवा, बघायला काही मिळणार नाही. चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदात, सुरतेत गणपती बोळवून लोक जरा कुठे टेकले होते, तेव्हा ते पान माझ्या दारात येऊन खोकायला लागलं.

गोडादऱ्याच्या बाजूला, कापडाच्या लूमच्या शेडा संपून ऊस सुरू व्हायचा तिथं आमचं आरोग्य केंद्र होतं. तीन खोल्या, एक जीप, एक फोन आणि मनाला येईल तेव्हा वाहणारा नळ. केंद्राचे प्रमुख मोठे साहेब आणि मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. पाटीवर माझंही नाव होतं, पण लोकांच्या लेखी मी बेन, नाहीतर सिस्टर. ‘बेन, साहेब क्यारे आवशे?’ साहेब कधी येणार, हे मी इतकं ऐकायचे की झोपेतसुद्धा उत्तर दिलं असतं.

शहरात प्लेग आल्याची बातमी पसरली त्या सकाळी साहेब आले, पण स्कूटर बंद न करता. नाकावर रुमाल. ‘सुषमाबेन, घरेथी फोन आव्यो छे. बे दिवसमां आवी जईश. हवे तमे इन्चार्ज.’ कपाटाच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या नाहीत, ओट्यावर ठेवल्या आणि गेले. बढती अशीही मिळते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी आत जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसले आणि माझी पाचावर धारण बसली. खोटं कशाला सांगू? ताप, खोकला, थुंकीत रक्त, आणि औषधाला उशीर झाला तर खेळ खलास, एवढं त्या पानातलं आठवत होतं. औषध साधं, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. वेळेवर पोटात गेल्या तर माणूस वाचतो. खोकणाऱ्याजवळ बसलेल्यांनी आधीच घेतल्या तर आजार होतच नाही. हेही आठवत होतं, पण भीती पहिलं तेवढं ऐकते, दुसरं नाही.

आमच्या कमल सिस्टर अकोल्याच्या. मी विचारलं, तुम्हीही जाणार का? त्या कापूस मोजून ठेवत होत्या. ‘मी कोठी जाऊ मॅडम? तिकडं माह्यं कोन बसलं हाय?’ असं म्हणाल्या आणि तोंडाला फडकं बांधून कामाला लागल्या. जीपवाला छगनभाई खिशात कापराची पुडी ठेवून होता. ती दर घटकेला हुंगायचा. अशी आमची फौज.

दिवसभर माणसांची रीघ लागली. आजूबाजूचे दवाखाने बंद, औषधाच्या दुकानांत कॅप्सूल औषधालाही नाही. आमच्याकडे जिल्ह्यावरून खोकी आली होती म्हणून बरं. रांगेतला प्रत्येक जण मला बघून मागे साहेबांना शोधायचा. ‘साहेब मीच,’ असं मी सांगायचे आणि समोरचा ते ऐकून आणखी घाबरायचा.

संध्याकाळी घरी गेले. आमचं घर खानदेशी चाळीच्या तोंडाशीच, दोन खोल्यांचं. वडील अमळनेरकडून लूमवर आले, इथंच खपले आणि इथंच गेले. मी डॉक्टर झाले तरी आई, मंगलाबाई, चाळ सोडायला तयार नव्हती, म्हणून मीही तिथंच. नवरा विकास इच्छापोरला कारखान्यात कंत्राटावर, आठवड्याला घरी यायचा. दुपारी त्याचा फोन येऊन गेला होता, ‘पोरीला काढ तिथून.’ उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण माझ्याही मनात तेच होतं. मयुरी सात वर्षांची. ती अंगणात लंगडी खेळत होती, आणि मला वाटत होतं की हिला उचलावं आणि सुरतेच्या बाहेर फेकावं, कुठंही.

चाळीत बोचकी बांधली जात होती. हिलालभाऊ, लूमवरचा मुकादम, त्यानं टेम्पो ठरवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी चाळ उधन्याला जाणार, तिथून भुसावळ पॅसेंजर पकडून आपापल्या गावी. मी आईला म्हटलं, ‘मयुरीले लिसन तू बी जाय.’

‘आनि तुना बापनं पित्तर?’ आईनं विचारलं.

‘यंदा गावी कर.’

‘आप्पा बिगर?’

मी मयुरीचे कपडे ट्रंकेत भरायला घेतले. मला वाटलं, विषय संपला. आई बोलायची थांबली की विषय संपला असं मला नेहमी वाटतं आणि नेहमी चुकतं.

आप्पा म्हणजे सुपडू आप्पा. लूमवर तरुण माणसं येतात, म्हातारे गावी राहतात, त्यामुळं आमच्या चाळीत पिकलेलं पान एकच. आप्पा शेडवर राखणदारी करायचे आणि एकटेच राहायचे. पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावानं कुणा वडीलधाऱ्याला पाटावर बसवून जेवू घालायचं ही आमची रीत. त्यालाच पितर म्हणायचं. चाळीच्या सगळ्या तिथ्यांना आप्पाच पितर. ज्या घरी जातील तिथल्या मेलेल्या माणसासारखं जेवायचे. आमच्याकडे आले की वडिलांसारखी आधी कढी मागायचे, पुरी दोन्ही हातांनी तोडायचे. आई पदराआड रडायची. शेवटी ते ‘धायनू’ म्हणायचे, म्हणजे पोट भरलं, तृप्त झालो. तो शब्द ऐकला की घर पितरांच्या ऋणातून सुटलं. मग अंगावर नवा टॉवेल घालून त्यांना निरोप द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्राकडे निघाले तेव्हा चाळीत दारोदार तळणीचा वास सुटला होता. मला वाटलं, गाडीचा शिधा. एवढ्या घाईतही पुऱ्या तळायला वेळ आहे, म्हणून मी मनातल्या मनात नावंही ठेवली.

दुपारी रांग जरा विरळ झाली होती. दाराशी खोकला ऐकू आला. तसा चाळीत खोकला कुणाला नाही? लूमचा कस्तर, सुताचा भुसा, छातीत गेला की माणूस खोकतोच. मी मान वर केली. सुपडू आप्पा भिंत धरून उभे होते. धुतलेलं धोतर, कपाळावर गंध, गंधावर गंध, त्यावर पुन्हा गंध, आणि खांद्यावर नव्या कोऱ्या टॉवेलांची चळत. लाल काठाचे, हिरव्या काठाचे, दुकानाची चिठ्ठी न काढलेले.

टॉवेल बघितले आणि मी ते मोजायला लागले.

‘आप्पा, हे काय?’

‘आख्खी चाळ आज जेवाडी राह्यनी, बेटा,’ ते धापा टाकत म्हणाले. ‘समदा गावले जाई राह्यनात. मंग पित्तरं उपाशी कशा ठेवतीन? तिथी बिथी ऱ्हाऊ दी, आजच उरकाडं.’

ते पुढं बोलणार तोच खोकल्याची उबळ आली. त्यांनी एक टॉवेल तोंडाला लावला. काढला तेव्हा पांढऱ्यावर लाल होतं. कमल सिस्टरांनी ते माझ्याआधी पाहिलं आणि त्या खिडक्या उघडायला लागल्या.

अंगाला हात लावला तर चटका बसला. ‘ताप कधीपासून?’

‘काल पासून शे थोडासा.’

‘मग जेवायला का गेलात? नाही म्हणायचं!’ मी ओरडलेच.

‘मी नही म्हनतू ते कोन बठतं पाटवर?’ आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की चूक माझीच. ‘त्या मरेल मानसं वाट देखतंस ना, पोर.’

मला विचारायचं नव्हतं. तोंडानं विचारलं. ‘आमच्याकडे?’

‘तुना कडेच पहिलं. तुना बापना मान पहिला.’ तापातही त्यांचा चेहरा उजळला. ‘मयुरीनी वाढं. मांडीले मांडी लाईसन बठनी, वारा घाली राह्यनी. खीर तिनाच हातनी खादी. शहानी शे पोर.’

पुढचं थोडा वेळ मला ऐकू आलं नाही. पळून जाण्याच्या घाईत माणसांनी सगळ्या तिथ्या एका दिवसात आणल्या आणि त्या म्हाताऱ्याला घरोघर बसवलं. एका दमात त्यांनी आजाराला सगळी चाळ दाखवली. आता गाडीत बसून तोच आजार ते अमळनेर, पारोळा, धरणगाव करत वाटत जाणार होते. आजार अंगात शिरला तरी दोन-तीन दिवस दिसत नाही. दिसेल तेव्हा ते अशा गावांत असणार होते, जिथं डॉक्टर आठवड्याच्या बाजाराला येतो. आणि त्या गाडीत मयुरी असणार होती.

आप्पांना पहिली मात्रा दिली. ‘जीप काढा, छगनभाई. मोठ्या हॉस्पिटलला, वेगळ्या वॉर्डात.’

छगनभाई कापूर हुंगत जागचा हलेना. ‘साहेबने पूछी लो, बेन.’

‘साहेब मीच आहे!’ असं मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की रांगेतली माणसं मागं सरली. मग हळू म्हटलं, ‘आधी ही कॅप्सूल घ्या. काचा उघड्या ठेवा. मलाही भीती वाटते, पण म्हातारा इथं मरेल.’ त्यानं कॅप्सूल गिळली आणि आप्पांना हात दिला. आप्पा टॉवेल सोडायला तयार नव्हते. ‘समदासना शेतस,’ सगळ्यांचे आहेत, म्हणत होते. शेवटी सिस्टरांनी ते पिशवीत बांधून ठेवले.

मी खोकं उचललं आणि चाळीकडे निघाले. निघाले म्हणजे धावले. साडीत, चपलांत, रस्त्यातल्या गटारावरून.

टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा होता, बोचक्यांनी भरलेला. हिलालभाऊ दोर आवळत होता. त्याची बायको सुंदरा कडेवर पोर घेऊन वर चढत होती. पुढं, ट्रंकेवर, माझी आई आणि तिच्या मांडीवर मयुरी. नवा फ्रॉक, दोन वेण्या. मला बघून तिनं हात हलवला.

मी टेम्पोसमोर उभी राहिले. ‘कोनीच जावानं नही. आप्पाले तोच आजार शे. आज ते तुमना घरमा बठीसन जेवनात. समदासले कॅप्सूल घेनी पडी आनि आठेच ऱ्हानं पडी.’

मला वाटलं होतं, हे ऐकून माणसं उतरतील. ती उलट भराभर चढली. खाली उभे होते तेही चढले. कुणीतरी रडायला लागलं, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

‘ताई, बाजू व्हय,’ हिलालभाऊ म्हणाला. एरवी मला बघून विडी लपवणारा माणूस. ‘तुना साहेब पयी गया, आनि तू आम्हले थांबाडस? साहेबले बलाव. तो सांगी ते उतरसूत.’

‘साहेब येणार नाहीत. मी सांगते आहे.’

‘तू काय सांगशी!’

‘तुम्ही गावी गेलात तर तिथं औषध नाही. इथं आहे, हे बघा, माझ्या हातात आहे. गावातली लेकरं काय करतील? तुमचे म्हातारे आईबाप काय करतील?’ माझा आवाज चिरकत होता. भाषणं मला कधी जमली नाहीत. इन्चार्ज माणसाचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. मी फक्त साहेबांचा ऐकला होता, आणि तो जाडा होता.

तेव्हा सुंदरा बोलली. ती कधी बोलत नाही, म्हणून सगळे गप्प झाले. ‘तुनी पोर बी ते गाडीमाच शे ना, ताई? ती जास ते चालस. आमन्या पोरी राह्यन्यात ते मरोत?’

मी वर पाहिलं. सगळा टेम्पो माझ्याकडे बघत होता आणि मयुरी त्या सगळ्यांमध्ये बसली होती.

काय काय मनात आलं ते सांगते. मनात आलं, आईच्या हातात कॅप्सूलची पाकिटं द्यावी, वेळा समजावाव्या आणि दोघींना जाऊ द्यावं. माझी मुलगी डॉक्टरची, तिला औषध मिळेल, तिचं वेगळं. बाकीच्यांना थांबवता आलं नाही म्हणावं. साहेबांना कोण विचारणार होतं? मला तरी कोण विचारणार होतं? मयुरी या शहरातून बाहेर गेली पाहिजे, माझं सगळं अंग तेवढंच म्हणत होतं. डॉक्टरचं डोकं सांगत होतं की गाडीत आणि खेड्यात तिला जास्त धोका आहे. पण आईचं काळीज डॉक्टरचं ऐकत नाही. त्याला एकच कळतं, आग लागली की लेकरू बाहेर.

हे नीट ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. सुंदराच्या कडेवरचं पोर खोकलं. साधंच, थुंकी अडकल्यासारखं. पण ते ऐकून टेम्पोतल्या सगळ्या बायकांनी आपापली लेकरं छातीशी ओढली, आणि मला दिसलं की या सगळ्या माझ्याइतक्याच घाबरल्या आहेत. तितक्याच. माझी भीती काही वरच्या जातीची नव्हती.

‘मयुरी, उतर.’

‘मम्मी, गाडी जाते ना आता!’

‘उतर म्हटलं ना.’

आईनं तिला धरून ठेवलं. ‘तू माय शे का वैरीन? आठे ठेवीसन मारशी का तिले?’ आजवर आई मला एवढ्या माणसांत असं कधी बोलली नव्हती. मी टेम्पोच्या फळीवर चढले, तिच्या हातातून मयुरीला सोडवलं आणि खाली आणलं. पोर घाबरून रडायला लागली. मी खोकं फोडलं. पहिली कॅप्सूल मातीत पडली. दुसरी तिच्या जिभेवर ठेवली. एवढ्या लहान पोरांना हे औषध एरवी देत नाहीत, दात पिवळे पडतात. पडू देत, मी म्हटलं, दात पडू देत पिवळे. ती गिळेना. शेवटी हिलालभाऊनंच आपल्या कॅनमधलं पाणी ओतलं.

‘आते ही आठेच ऱ्हाई,’ मी म्हटलं, ‘आनि मी बी आठेच. जे व्हई ते समदासनं बरोबर.’

मग सुंदरानं आपली ट्रंक खाली ढकलली, ती धाडकन आपटली, आणि मागून ती पोर घेऊन उतरली. हात पुढं केला, ‘आन.’ हिलालभाऊनं तिला, मला, सरकारला आणि टेम्पोवाल्याला एका दमात शिव्या घातल्या आणि दोर सोडायला लागला.

सगळे उतरले नाहीत. दोन बिऱ्हाडं तशीच रिक्षानं गेली. त्यांच्या बायकांच्या पदरात मी पाकिटं बांधली, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी, दुधाबरोबर नाही, असं दहादा घोकून घेतलं. मग केंद्रात जाऊन त्यांच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फोन लागेपर्यंत फिरवत बसले. तिकडचे डॉक्टर आधी म्हणाले, ‘साहेबांना द्या.’ मी म्हटलं, बोलतेय.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. चाळ मोजून ताप बघायचा, कॅप्सूल समोर गिळायला लावायची, खोकला ऐकला की थांबायचं. कमल सिस्टर घरोघर जाऊन दटावत, ‘खीरबीर काही खायाची नाही गोळीसंगं!’ मयुरीच्या कपाळाला हात लावून लावून मी तिला वीट आणला. एका दुपारी तिचं कपाळ गरम लागलं. थर्मामीटर लावला आणि पारा बघायची हिंमत होईना. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ती उठली, तिला आकडे कळत नाहीत तरी थर्मामीटर उजेडात धरला आणि मला दाखवला. ताप नव्हता. पोर उन्हातून आली होती. आई पुन्हा न बोलता आत गेली.

सुंदराला मात्र ताप चढला. त्याच तासाला जीपमध्ये घातली, छगनभाईनं या वेळी कुणाला विचारलं नाही. औषध आधीच अंगात होतं, ती सुखरूप परत आली. गावी गेलेल्यांची खुशाली फोनवर कळली. आमच्या चाळीत कुणी दगावलं नाही. हे आज एका ओळीत सांगता येतं. त्या वेळी रोज उजाडताना मी आधी मयुरीचा श्वास ऐकायचे.

रस्त्यावर पुन्हा भाजीच्या गाड्या दिसायला लागल्या तसे साहेब आले. खुर्ची पुसून बसले. ‘शाबाश, बेन,’ म्हणाले, ‘तमे संभाळी लीधुं.’ मी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या.

सर्वपित्री अमावस्येला मोठ्या हॉस्पिटलमधून सुपडू आप्पांना सोडलं. निम्मे झाले होते. छगनभाईनं त्यांना चाळीच्या तोंडाशी उतरवलं. मला निरोप आला तेव्हा मी केंद्रात होते. साहेबांच्या मागं मागं मीही गेले.

आप्पा लिंबाखाली हॉस्पिटलची पिशवी घेऊन बसले होते. चाळीतली दारं एकेक करून लागत होती. उघडी होती तिथं बायका उंबऱ्याच्या आत. त्या दिवशीच्या घाईच्या जेवणानं पितरांचं समाधान झालं असेल का, या शंकेनं प्रत्येक घरात पुन्हा थोडंथोडं केलं होतं, वास येत होता. पण पाटावर बसायला कुणी बोलावत नव्हतं. ज्या माणसानं इतकी वर्षं सगळ्यांचे मेलेले जेवू घातले, तो त्या दिवशी जिवंत असून चाळीला नको होता.

हिलालभाऊनं साहेबांना विचारलं, ‘साहेब, आते हाऊ डोकरा चांगला शे का?’

‘एकदम सारो छे. कागळ पर लखेलुं छे,’ एकदम बरा आहे, तसं कागदावर लिहिलंय, असं साहेब म्हणाले. रुमाल नाकावर होता आणि ते जीपच्या पलीकडे उभे होते. हिलालभाऊनं त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आप्पा बरे झाले होते. त्यांच्यापासून काही होणार नव्हतं, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि तरी मला भीती वाटली. शिक्षण भीतीला आत कोंडतं, मारत नाही.

‘आप्पा, चला,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे कढी झाली आहे.’

ते उठेनात. ‘मी बाहेरच बठस. पान बाहेरच दे, माय. पोर शे घरमा.’

दारात आई उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत वळली. मला वाटलं, दार लावते. पण तिनं पाट आणला आणि नेहमीच्या जागी, वडिलांच्या जागी, मांडला. आप्पांना हात धरून मी आत नेलं. दार उघडं ठेवलं, सताड. बाहेर चाळ गोळा झाली.

आईनं ताट वाढलं. आप्पांनी आधी कढी मागितली. आवाज फुटत नव्हता. ते पुरी दोन्ही हातांनी तोडायला गेले, हातात जोर नव्हता, पुरी तुटेना. तेवढ्यात मयुरी आतून पंखा घेऊन आली आणि कुणाला न विचारता त्यांच्या शेजारी बसली, मांडीला मांडी लावून. तिनं ती पुरी तोडून दिली.

आप्पा बाजूला सरकले. मयुरी तेवढीच पुन्हा जवळ सरकली. आणि आप्पा खोकले. कोरडं, म्हाताऱ्या माणसाचं खोकणं.

माझा उजवा हात तिला मागे ओढायला उठला. आपोआप उठला, मला विचारून नाही. मी तो डाव्या हातानं मनगटाशी धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. दारातून सगळे बघत होते, सुंदराही पोर कडेवर घेऊन. मी हलले असते तर त्या म्हाताऱ्याला त्या चाळीत पुन्हा कुणी पाट मांडला नसता. मी श्वास धरून बसले आणि मयुरी वारा घालत राहिली. आप्पा हळूहळू, एकेक घास, वडिलांसारखे जेवत राहिले. इतकं लांब जेवण मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

शेवटी त्यांनी ताटाला हात जोडले.

‘धायनू,’ ते म्हणाले.

मी हात सोडला. मनगटावर माझ्याच बोटांचे वळ उठले होते. आई पदराआड रडत होती आणि दारातून सुंदरा विचारत होती, ‘आप्पा, आमना घर येवाले पोटमा जागा शे का थोडीशी?’